शाळेत सत्यनारायण, आणि मुलगी वर्गाबाहेर

प्रश्न :

नमस्कार मॅडम. आम्ही बौद्ध. मुलगी सातवीत आहे. गावात एकच हायस्कूल. संस्था खासगी, पण शंभर टक्के अनुदानित. दर श्रावणात शाळेत सत्यनारायण असतो, वर्गणी प्रत्येकी ५१ रुपये. आजवर आमच्या भावकीतली पोरं त्या दिवशी ‘पोटात दुखतंय’ म्हणून घरी राहायची. यंदा हजेरी सक्तीची केली. मुलगी गेली, रांगेत उभी राहिली, पण आरतीला हात जोडले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेनं दोन तास बाहेर उभं केलं. म्हणाल्या, “प्रसादाचा शिरा चालतो, मग आरती का नाही?” (शिरा तिनं खाल्ला होता, मैत्रिणीनं दिला म्हणून.) मिस्टर मुख्याध्यापकांना भेटले. ते म्हणाले, “शाळेची चाळीस वर्षांची परंपरा आहे. आणि रजिस्टरला तर हिंदू महार लिहिलंय तुमचं, मग हरकत कसली?” मिस्टरांचं म्हणणं, गप्प बसू, दहावीपर्यंत इथंच काढायचंय. दीर म्हणतात अ‍ॅट्रॉसिटी टाका, पेपरात द्या, पूजाच बंद पाडा. मला दोन्ही पटत नाही. आता गणपतीत पाच दिवस रोज आरती आहे. काय करू?

– एक आई, जि. सांगली

उत्तर :

ताई, आधी तुमच्या लेकीला सांगा की तिचं काही चुकलेलं नाही. बारा-तेरा वर्षांची पोर भरल्या मंडपात सगळ्यांचे हात जोडलेले असताना आपले हात खाली ठेवून शांत उभी राहिली. कुणाला हसली नाही, बोलली नाही, रांग मोडली नाही. मोठ्या माणसांना हे जमत नाही.

आता कायदा. राज्यघटनेचं कलम २८, त्यातलं तिसरं उपकलम. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत, तिथं दिल्या जाणाऱ्या धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा तिथल्या धार्मिक उपासनेला हजर राहायला कुणालाही भाग पाडता येत नाही. त्या व्यक्तीनं संमती दिली असेल तरच, आणि ती अज्ञान, म्हणजे वयानं लहान, असेल तर तिच्या पालकानं दिली असेल तर. दोनच अटी आहेत, मान्यता ‘किंवा’ अनुदान. तुमच्या शाळेला दोन्ही आहेत.

यातली संमतीची भानगड नीट ध्यानात घ्या, कारण मुख्याध्यापकांनी नेमकी तीच उलटी फिरवली. ते विचारतात, तुमची हरकत कसली? घटना म्हणते, हरकत सांगायचं ओझं पालकावर नाहीच. संमती शाळेनं घ्यायची आहे. तुमच्याकडून अशी संमती कुणी मागितली होती का? ‘पूजेला हजेरी सक्तीची’ ही सूचना फळ्यावर लागली, त्याच दिवशी शाळेनं मर्यादा ओलांडली. लेकीनं हात जोडले की नाही हा नंतरचा प्रश्न. तिला तिथं बोलावणंच मुळात सक्तीचं करता येत नव्हतं.

तुमची शाळा जिल्हा परिषदेची असती तर चित्र आणखी वेगळं होतं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही, असं याच कलमाचा पहिला भाग सांगतो. तिथं संमतीचीही पळवाट नाही. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये यावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी दिलेलं उदाहरण अगदी गावपातळीवरचं आहे. लोकल बोर्डाच्या एखाद्या शाळेत बहुसंख्य मुलं हिंदू आहेत म्हणून तिथं हिंदू धर्माचं शिक्षण सुरू केलं, तर बोर्डाचा कर भरणार सगळे आणि फायदा जाणार एका समाजाकडे. एका विशिष्ट धर्मासाठी कर लावायचा नाही, असं तर आपण आधीच्याच कलमात लिहून बसलोय, हा त्यांचा मुद्दा होता. खासगी पण अनुदानित शाळांना घटनेनं थोडी मोकळीक दिली, त्यांनी आपली प्रार्थना, आपले सण ठेवावेत, आणि त्या बदल्यात मुलाला व पालकाला नकाराचा हक्क दिला. तुमच्या गावात मोकळीक तेवढी वापरली गेली आणि बदल्यातली बाजू सोयीनं विसरली गेली.

शिऱ्याचं काय ते एकदा मिटवून टाकू. मैत्रिणीनं पुढं केलेली वाटी लेकीनं घेतली, गोड लागलं, खाल्लं. ईदचा शिरखुर्मा खाल्ला म्हणून कुणी मुसलमान होत नाही, आणि नाताळचा केक खाल्ला म्हणून कुणी चर्चला जायला बांधील होत नाही. बाईंना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. हे विचारायचं म्हणून विचारलेलं आहे. घरात मात्र त्यावरून लेकीला बोलू नका. “तू शिरा खाल्लास म्हणून आपली बाजू पडली” असं तिला दिरांनी ऐकवलं असेल तर त्यांनाही थांबवा.

तिच्या न जोडलेल्या हातांमागं नुसता हट्ट नाही, हे शाळेला माहीत असायला हवं, माहीत नसेल तर सांगा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, अशी आहे. सत्यनारायण हा विष्णूच. तिसरी गौरी-गणपतीबद्दल. म्हणजे श्रावणातली पूजा आणि भाद्रपदातली आरती, दोन्ही तुमच्या धर्मात स्पष्ट शब्दांत नाकारलेल्या गोष्टी आहेत. कलम २५ सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं आणि धर्माचं आचरण करण्याचंही. लेक दोन्ही अंगांनी सुरक्षित आहे. उद्या एखादं निरीश्वरवादी घर असतं, कुठलाच धर्म न मानणारं, तरी पहिलं अंग त्यांनाही लागू झालं असतं.

“चाळीस वर्षांची परंपरा” यावर आपल्याच राज्यातला निकाल आहे. नाशिकच्या एका माध्यमिक शाळेतले शिक्षक प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नसत. शाळेनं त्याला बेशिस्त ठरवलं आणि त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडकवून ठेवली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. २०१३ मध्ये न्यायालयानं सांगितलं की प्रार्थनेला हात जोडण्याची सक्ती करणं हा मूलभूत हक्काचा भंग आहे, आणि शिक्षकांना त्यांची वेतनश्रेणी द्यायला लावली. पगार घेणाऱ्या, सेवाशर्तींनी बांधलेल्या नोकरदाराला जे करायला लावता येत नाही, ते सातवीतल्या मुलीला कसं लावणार?

मुलांचं म्हणाल तर त्याहून जुना आणि मोठा निकाल केरळचा आहे. तो जरा सविस्तर सांगते, कारण त्यातली माणसं तुमच्या गावातल्या माणसांसारखीच वागली. एका शाळेत तीन भावंडं होती, दहावी, नववी आणि पाचवीत. घर यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचं. सकाळी राष्ट्रगीत सुरू झालं की तिघं ताठ उभी राहायची, पण म्हणायची नाहीत, कारण त्यांच्या पंथात देवाखेरीज कुणाचंही स्तोत्र म्हणायचं नसतं. वर्षानुवर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. जुलै १९८५ मध्ये एक आमदार शाळेत आले, त्यांच्या हे नजरेत आलं, विधानसभेत प्रश्न झाला. चौकशी नेमली. चौकशीत निघालं काय, तर मुलं गुणी आहेत, राष्ट्रगीताचा अनादर करत नाहीत. तरीही वरून आलेल्या सूचनेप्रमाणे मुख्याध्यापिकेनं तिघांना काढून टाकलं. बाप विनवत राहिला की सरकारचा निर्णय होईपर्यंत निदान वर्गात बसू द्या. तेही नाही. केरळ उच्च न्यायालयात एक न्यायाधीश म्हणाले नाही, मग दोघांचं खंडपीठ म्हणालं नाही. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिन्नाप्पा रेड्डी यांनी तिन्ही मुलांना परत शाळेत घ्यायला लावलं.

या निकालातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. पहिली, एखादी श्रद्धा न्यायाधीशाला पटते की नाही, तर्काला धरून आहे की नाही, हे बघायचंच नाही. ती प्रामाणिकपणे बाळगलेली आहे ना, एवढं पुरे. मग मुख्याध्यापकांना ती पटायची काय गरज? दुसरी, मूलभूत हक्कावर मर्यादा घालायची तर कायदा लागतो. शिक्षण खात्याचं नुसतं परिपत्रक पुरत नाही. खात्याचं परिपत्रक जिथं टिकलं नाही, तिथं फळ्यावरच्या खडूच्या सूचनेचं काय घेऊन बसलात! आणि ते तर राष्ट्रगीत होतं, अख्ख्या देशाचं. इथं सत्यनारायणाची कथा आहे.

आता दुसरी बाजू, जी दिरांना आवडणार नाही.

शाळेत पूजा होऊच द्यायची नाही, असा आदेश मिळवायला गेलात तर वाट फार अवघड आहे. गुजरातमध्ये उच्च न्यायालयाच्याच नव्या इमारतीचं भूमिपूजन मंत्रोच्चारात झालं म्हणून एका दलित कार्यकर्त्यानं याचिका केली. २०११ मध्ये ती फेटाळली गेली, वर वीस हजार रुपयांचा दंड. केंद्रीय विद्यालयांत रोज ‘असतो मा सद्गमय’ म्हणवतात त्याविरुद्धचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये घटनापीठाकडे पाठवला. धर्माबद्दल माहिती देणं आणि धर्माचं शिक्षण देणं यांतही न्यायालयं फरक करत आली आहेत. संतांचे अभंग, बुद्धाचं चरित्र, पैगंबरांची गोष्ट पाठ्यपुस्तकात असली तर त्यावर कलम २८ चालत नाही, आणि चालूही नये. म्हणून वारीच्या दिवशी लेकीला ‘ज्ञानोबा-तुकाराम’ची गोष्ट शिकवली, या तक्रारीला माझ्याकडे उत्तर मागू नका.

माझं स्वतःचं मत विचाराल तर अनुदानित शाळेत सत्यनारायण नकोच. पगार सरकारी तिजोरीतून, इमारत लोकवर्गणीतून, मुलं सगळ्या घरांतली. ज्याला कथा सांगायची हौस असेल त्यानं घरी पाट मांडावा. न्यायमूर्ती अभय ओक २०२४ च्या मार्चमध्ये पिंपरी-चिंचवडच्या न्यायालयाच्या भूमिपूजनाला आले होते. पूजा-अर्चा बंद करून घटनेच्या उद्देशिकेसमोर मान झुकवावी, असं ते तिथंच बोलले. ऐकायला बरं वाटलं. पण भाषण म्हणजे निकाल नव्हे, आणि तुम्हाला आत्ता हवी आहे ती लेकीची सुटका. पूजा बंद पाडायचा झेंडा तिच्या खांद्यावर दिलात, तर पुढची तीन वर्षं तो तिलाच वागवावा लागेल. दीर मंडपात येणार नाहीत, बेंचवर तीच बसणार आहे.

अ‍ॅट्रॉसिटीचं तसंच. तुमच्या पत्रात जातीवरून केलेली शिवीगाळ किंवा चारचौघांत केलेला जातीचा अपमान दिसत नाही. ‘हिंदू महार लिहिलंय’ हे मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये नोंदीबद्दल म्हटलं, तेही बोलणं बरं नव्हतं, पण त्यावर तो गुन्हा उभा राहणं कठीण. उद्या वर्गात कुणी जात काढून बोललं तर गोष्ट वेगळी. तेव्हा मला पुन्हा लिहायच्याही आधी पोलीस ठाणं गाठा. आज ते हत्यार उपसलंत तर कायदा ज्या बाबतीत नक्की तुमच्या बाजूनं आहे, ती बाब मागं पडेल.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण शाळा ती हमखास पुढं करते : “असं करा ताई, बुद्धपौर्णिमेला वंदना ठेवू, ईदलाही काहीतरी करू, झालं समाधान?” यावर भुलू नका. समान वागणूक म्हणजे प्रत्येक धर्माला सक्तीची पाळी लावणं नव्हे. तुमच्या लेकीला आरतीची सक्ती नको, तशी पाटलांच्या किंवा मुलाण्यांच्या पोराला त्रिशरणाची सक्ती नको. ठेवायचं तर सगळं ऐच्छिक ठेवा, म्हणावं. एकाच धर्माकडे बोट दाखवणारा नियम कसा ओळखावा, याचं उदाहरण मुंबईतलं आहे. चेंबूरच्या एका कॉलेजनं हिजाब, टोपी, बॅज यांवर बंदी घातली, उच्च न्यायालयानं जून २०२४ मध्ये कॉलेजची बाजू घेतली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या बंदीला अंशतः स्थगिती देताना सरळ विचारलं की टिकली किंवा टिळा लावणाऱ्यांनाही अडवाल का? मुख्याध्यापकांसमोर बसाल तेव्हा हा प्रश्न खिशात असू द्या. शाळेत उद्या नमाज ठेवला आणि हजेरी सक्तीची केली, तर त्यांच्या स्वतःच्या मुलानं काय करावं असं त्यांना वाटेल? भांडणाच्या सुरात नको, सहज विचारा.

रजिस्टरच्या नोंदीकडे येऊ. “हिंदू महार लिहिलंय” हे ऐकून मिस्टर गप्प झाले असतील. होण्याचं कारण नाही. जनरल रजिस्टरमधली ओळ म्हणजे माणसाची श्रद्धा नव्हे. तुमच्याकडे ती तशी का लिहिली गेली याचा इतिहास सरकारनंच घडवलाय. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जाती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या, शीख पुढं १९५६ मध्ये आले. धम्मदीक्षा घेतलेल्यांना महाराष्ट्रानं १९६० पासून आपल्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी बौद्धांना १९९० पर्यंत थांबावं लागलं. बापजाद्यांनी पोरांची शिष्यवृत्ती आणि नोकरी जाऊ नये म्हणून दाखल्यावर ‘हिंदू महार’ राहू दिलं. घरात बुद्धमूर्ती आणि दाखल्यावर हिंदू, असे हजारो दाखले आपल्याकडे आहेत. धर्म बदलला म्हणून सवलत काढून घ्यायची आणि मग त्याच भीतीनं केलेली नोंद पुरावा म्हणून तोंडावर फेकायची, ही काही समान वागणूक नव्हे. (दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान त्या दाराबाहेर आजही उभेच आहेत, पण तो वेगळा लेख होईल.)

मुंबई उच्च न्यायालयाचा २०१४ चा एक निकाल इथं उपयोगी आहे. चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयानं काही जणांना ‘कोणताही धर्म नाही’ अशी राजपत्रात नोंद करायला नकार दिला होता. न्यायालय म्हणालं, आपला कुठलाही धर्म नाही असं म्हणायचा प्रत्येकाला हक्क आहे, आणि सरकारी यंत्रणा कुणालाही धर्म जाहीर करायची सक्ती करू शकत नाही. तेव्हा मुलीनं पूजेला बसावं की नाही हे रजिस्टर उघडून ठरवायचा अधिकार कुणालाच नाही.

नोंद दुरुस्त करायची इच्छा असेल तर लेक शाळेत आहे तोवर करून घ्या, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीनं होते. शाळा सुटल्यावर फार वणवण होते. पण घाईनं अर्ज टाकू नका. आधी जात पडताळणीचं काम बघणाऱ्या जाणत्या माणसाला कागद दाखवा. आजोबा-पणजोबांच्या १० ऑगस्ट १९५० च्या आधीच्या नोंदी, शाळेचा उतारा असो की गाव नमुना, शोधून झेरॉक्स काढून ठेवा. बौद्ध नोंद असूनही अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, त्यात आता अडचण नाही, पण पडताळणी समितीसमोर जुन्या आणि नव्या नोंदीचा सांधा जुळलेला लागतो. या दोन कामांची गल्लत करू नका. आरतीचा अर्ज या आठवड्यात, नोंदीचं काम सवडीनं.

मिस्टरांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. गावात एकच शाळा, तेच शिक्षक दहावीपर्यंत, अंतर्गत गुण त्यांच्याच हातात. पण गप्प बसण्यानं ती भीती कमी होते का, बघा. तोंडी बोलणं झालंय, शिक्षकांना कळलंय की हे घर वेगळं आहे, आणि कागदावर मात्र काहीच नाही. ही सगळ्यांत वाईट जागा. उद्या काही झालं तर ‘असं काही घडलंच नव्हतं’ म्हणायला शाळा मोकळी. लेखी अर्ज दिल्यावर त्रास द्यायचा म्हटला तरी हात आखडतो, कारण तारीख लागलेली असते. दोन तास वर्गाबाहेर उभं करणं हे तर पूजेपलीकडचं प्रकरण आहे. शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, आणि तसं करणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. हे वाक्य पहिल्या अर्जात घालू नका. भेटीत, गरज पडली तर, एकदाच उच्चारा.

अर्ज असा असू द्या, हातानं लिहिलेला चालेल :

“मा. मुख्याध्यापक यांस, आमची मुलगी, इयत्ता सातवी, तुकडी अमुक. आम्ही बौद्ध आहोत. शाळेतील पूजा, आरती व इतर धार्मिक उपासनेस तिने उपस्थित राहण्यास किंवा त्यात भाग घेण्यास, भारतीय संविधानाच्या कलम २८(३) अन्वये, पालक म्हणून आमची संमती नाही. अशा वेळी तिला वाचनालयात किंवा वर्गात बसू द्यावे, तिची गैरहजेरी मांडू नये व तिच्याकडून वर्गणी घेऊ नये. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा व शाळेच्या इतर सर्व उपक्रमांत ती सहभागी होईल.”

शेवटची ओळ मुद्दाम आहे, गाळू नका. तिच्यामुळं ‘यांना शाळेचं काहीच नको’ हा आरोप जागीच मरतो. खाली दोघांच्या सह्या करा. तुमची एकटीची असली तरी चालते, पण मिस्टरांची सोबत असली की गावात बोलणाऱ्यांची तोंडं बंद राहतात. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. शिपाई ‘साहेब नाहीत’ म्हणाला तर लिपिकाकडे द्या. तोही घेईना तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना. कायद्यानं त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. तुमच्या ओळखीची एखादी बाई त्यात नक्की असेल. आधी तिच्याशी बोला, अर्ज नंतर टाका. निम्मी कामं तिथंच होतात.

वर्गणीचं वेगळं ताणू नका. ५१ रुपये गेले ते गेले. पूजा कुणाच्या ठरावानं झाली, खर्च कुठल्या खात्यातून पडला, हे पुढं कधी विचारावंसं वाटलं तर माहिती अधिकारात विचारता येतं. अनुदानित शाळेला तो लागू आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक विषय, मजकूर दीडशे शब्दांत, आणि तीस दिवसांत उत्तर. आणि गल्लीतलं गणेश मंडळ पावतीपुस्तक घेऊन दारात आलं तर त्याच्याशी कलम २८ बोलू नका. मंडळ म्हणजे सरकार नव्हे, तिथं शेजारधर्मानं जे जमेल ते. जबरदस्ती झाली तर ती पोलिसांची बाब.

मुख्याध्यापकांनी ऐकलं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांमागं वेळ घालवू नका. तुमची शाळा माध्यमिक आहे, जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे (माध्यमिक) अर्जाची पोहोच जोडून तक्रार द्या. त्यांच्याकडूनही महिना-दीड महिना काही हललं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे. बौद्ध हे अधिसूचित अल्पसंख्याक असल्यानं राज्य अल्पसंख्याक आयोगाचंही दार आहे. पार उच्च न्यायालयाची वेळ येईल असं मला वाटत नाही, पण आलीच तर आता मुंबईला हेलपाटे नकोत. सांगली जिल्हा ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे. वकिलाच्या फीची काळजीही नको. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. बाई, मूल आणि अनुसूचित जातीतली व्यक्ती या तिघांनाही उत्पन्नाची अट न लावता तिथं मोफत वकील मिळतो. तुमच्या घरात तर तिन्ही बसतात.

एक काम मात्र अर्जाच्याही आधी करा. लेकीला विचारा, तिला काय बरं वाटेल? वाचनालयात बसायला तिला एकटं वाटत असेल, मैत्रिणींबरोबर रांगेत गप्प उभं राहणं तिला जास्त सोपं जात असेल. तसं असेल तर अर्जातली वाचनालयाची ओळ बदला आणि ‘ती उपस्थित राहिली तरी तिला हात जोडण्यास किंवा आरती म्हणण्यास भाग पाडू नये’ असं लिहा. ‘पोटात दुखतंय’ हे मात्र आता कायमचं बंद करा. भावकीतल्या बाकीच्या पोरांच्या आईबापांनाही हाच मजकूर उतरवून द्या. एकाच आठवड्यात पाच-सहा अर्ज एकाच टेबलावर पडले की शाळेला त्यात एक हट्टी मुलगी दिसत नाही. गणपती बसायच्या निदान चार दिवस आधी अर्ज पोहोचला पाहिजे, कारण त्यानंतर शाळेत कुणी कागद वाचत नाही.